तीन सारखी रीडिंग्ज

परांडा तालुक्यातले सोनारी गाव काळभैरवनाथाच्या देवळासाठी आणि देवळाभोवतीच्या माकडांसाठी सगळ्या धाराशिव जिल्ह्यात माहीत आहे. आता तिथे भैरवनाथ शुगर हा साखर कारखानाही आहे. गळीत हंगाम सुरू झाला की कोणत्याही साखर कारखान्याची प्रयोगशाळा तिन्ही पाळ्यांत चालते. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेल्या मुलामुलींना या भागात घराजवळ मिळू शकणाऱ्या मोजक्या नोकऱ्यांपैकी एक तिथली. काम वरवर पाहता सोपे आहे. रसाचा ब्रिक्स, म्हणजे त्यात विरघळलेल्या सगळ्या घन पदार्थांचे प्रमाण, पाहायचा, पोलारीमीटरवर पोल, म्हणजे त्यातल्या साखरेचे प्रमाण, काढायचा, पोलला ब्रिक्सने भागून शुद्धता काढायची आणि आकडे वहीत भरायचे. पण एखाद्या रात्री रसाची शुद्धता अचानक दोन अंकांनी उतरली तर काय? नमुना नीट ढवळून घेतला नव्हता, पोलारीमीटरचा शून्य सरकला होता, नळीत बुडबुडा राहिला होता, की खरोखरच तोडून तीन दिवस झालेला ऊस गव्हाणीत पडतो आहे? यातली कोणती शक्यता आधी तपासायची, कोणती कशाने बाद होईल आणि फरक किती असला म्हणजे तो खरा मानायचा, हे ज्याला ठरवता येते त्याला वैज्ञानिक पद्धत येते असे म्हणायला हरकत नाही. त्याच्या गुणपत्रिकेत प्रात्यक्षिकाच्या रकान्यात चांगले गुण असतातच. त्या गुणांचा या कौशल्याशी संबंध किती, हा खरा प्रश्न आहे. उपलब्ध पुरावा पाहता तो फार थोडा आहे. आपली प्रात्यक्षिक परीक्षा हाताचे कसब आणि उत्तराचा मेळ तपासते, पद्धत तपासत नाही. आणि पद्धत तपासणे समजले जाते तितके अवघड किंवा खर्चिक नाही, असे माझे मत आहे.

परीक्षेचा साचा विद्यापीठ बदलले तरी फारसा बदलत नाही. एक टायट्रेशन, एक क्षार किंवा सेंद्रिय पदार्थ ओळखणे, पाचदहा मिनिटांची व्हायव्हा आणि सही झालेले जर्नल. यातले सर्वांत साधे उदाहरण घेऊ. पाण्याचा कठीणपणा मोजण्याचे ईडीटीएचे टायट्रेशन जवळपास प्रत्येक अभ्यासक्रमात असते, आणि बोअरच्या पाण्यावर तगणाऱ्या तालुक्यांत ते नुसते पुस्तकी राहण्याचे कारणही नाही. फ्लास्कमध्ये पाणी, पीएच 10 राखणारे अमोनियाचे बफर आणि एरिओक्रोम ब्लॅक टी. ब्युरेटमधून ईडीटीए सोडत गेले की द्राक्षी लाल रंग जांभळ्यावरून निळ्यावर जातो. निरीक्षणाच्या तक्त्यात आधी पायलट रीडिंग, मग तीन रीडिंग्ज आणि शेवटी सी.बी.आर., म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग, असा रकाना. कोणतेही जर्नल उघडा, त्यात 12.4, 12.4, 12.4 असे तीन आकडे ओळीने बसलेले दिसतील. आता ब्युरेटवरची लहानात लहान खूण 0.1 मिलीलिटरची असते, एक थेंब साधारण 0.05 मिलीलिटरचा असतो, आणि जांभळा कुठे संपला नि निळा कुठे सुरू झाला हे डोळा ठरवतो. पहिल्यांदा ब्युरेट हातात धरणाऱ्या, प्रामाणिकपणे काम करणाऱ्या मुलाची रीडिंग्ज 12.3, 12.5, 12.4 अशी येणे स्वाभाविक आहे. तिन्ही अगदी तीच येणे अशक्य नाही, पण अख्ख्या बॅचची, दर आठवड्याला, वर्षभर तशीच येत असतील तर ते रसायनशास्त्र नव्हे, सुलेखन झाले.

या सी.बी.आर.च्या रकान्यावर जरा थांबायला हवे, कारण दोष सगळा विद्यार्थ्याच्या माथी मारणे सोपे असते. मूळ नियम चांगला आहे: दोन मापने एकमेकांच्या जवळ येईपर्यंत प्रयोग पुन्हा करा, एकाच मापनावर विसंबू नका. पद्धतीचा हा गाभाच. पण परीक्षेत गुण ‘कॉन्स्टंट’ असण्याला मिळू लागले तेव्हा नियमाचा अर्थ उलटला. आकड्यांतला विखुरलेपणा, म्हणजे एकाच गोष्टीची मापने थोडी इकडेतिकडे होणे, हे मापनाविषयी सर्वांत उपयोगी माहिती देणारे लक्षण आहे. आपल्या मापनावर किती भरवसा ठेवावा हे त्यावरूनच कळते. तो विखुरलेपणा आपण खोडरबराने पुसायला शिकवतो. विद्यार्थी त्याला ‘रीडिंग बसवणे’ म्हणतात आणि त्यात त्यांना काही गैर वाटत नाही. शिक्षकांनी दिलेल्या द्रावणाची तीव्रता ठाऊक असते, तिच्यावरून उलटे गणित केले की ब्युरेटचे रीडिंग किती यायला हवे ते निघते. याच्या उलट, 1892 साली लॉर्ड रॅले यांना हवेतून मिळवलेला नायट्रोजन रासायनिक संयुगांतून मिळवलेल्या नायट्रोजनपेक्षा किंचित जड भरतो असे दिसले. लिटरला 1.257 ग्रॅम आणि 1.2505 ग्रॅम, म्हणजे अर्ध्या टक्क्याचा फरक. त्यांनी तो दडपला नाही, जाहीरपणे इतरांना कारण विचारले, आणि दोन वर्षांत त्यातून रॅम्से आणि त्यांच्या हाती आर्गॉन लागला. आपल्या तक्त्यात या अर्ध्या टक्क्याला जागाच नाही.

गंमत अशी की जुन्या अभ्यासक्रमातच पद्धत तपासण्याची उत्तम सामग्री पडून आहे. क्षार ओळखण्याचे प्रात्यक्षिक, ज्याला सगळे सॉल्ट अ‍ॅनालिसिस म्हणतात, हे खरे तर संशयितांना एकेक करून बाद करण्याचे काम आहे. प्राथमिक चाचण्यांवरून अंदाज, गटाच्या अभिकर्मकांनी छाननी, शेवटी खात्रीची चाचणी. प्रत्यक्षात विद्यार्थी निळा रंग पाहून तांबे ठरवतो आणि मग सगळी छाननी उत्तरावरून मागे लिहीत जातो. त्याला दोष देता येत नाही. परीक्षेत येणारे क्षार ठरावीक असतात आणि गुण उत्तराला असतात. पण त्याच टेबलापाशी दोन प्रश्न विचारून पाहावेत. अमोनियमची चाचणी मूळ क्षारावरच का करायची, गटांची छाननी सुरू झाल्यावर का नाही? कारण पुढे आपणच अमोनियम क्लोराइड आणि अमोनिया घालतो. मग जो अमोनिया सापडेल तो क्षाराचा की आपला, हे कळायला मार्ग उरत नाही. सोडियम कार्बोनेटच्या अर्कात क्लोराइड शोधताना आम्ल कोणते वापरायचे? हायड्रोक्लोरिक वापरले तर क्लोराइड सापडणारच, क्षारात असो वा नसो. आणि बाटलीतल्या सोडियम कार्बोनेटमध्येच थोडे क्लोराइड असेल तर? म्हणून क्षार न घालता तोच सगळा प्रयोग करून पाहायचा, ज्याला ब्लँक म्हणतात. ज्या विद्यार्थ्याला ब्लँकची गरज स्वतःहून सुचते त्याला नियंत्रित प्रयोगाची कल्पना समजली आहे. ज्याला ती जर्नलमध्ये छापलेली असल्यामुळे माहीत आहे त्याला ती समजली आहे की नाही, हे आपल्याला कळलेले नाही. आपली परीक्षा या दोघांत भेद करत नाही. सगळ्या तक्रारीचे मूळ इथे आहे.

बाहेरच्या संशोधनाने हा संशय बळकट केला आहे. सुझन नरेनबर्न आणि माइल्स पिकरिंग यांनी 1987 मध्ये अमेरिकेतल्या रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना वायूंच्या नियमांवरची नेहमीची गणिते दिली आणि त्याच नियमांवर आधारलेले चित्रांचे प्रश्नही दिले, म्हणजे भांड्यातले रेणू तापमान बदलल्यावर कसे दिसतील असे. गणित सोडवणाऱ्या बऱ्याच जणांना चित्र ओळखता आले नाही. सूत्रात आकडे घालता येणे आणि गोष्ट समजणे या दोन वेगळ्या बाबी निघाल्या. त्याहून मोठा धक्का 2009 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या लेई बाओ आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासाने दिला. चीन आणि अमेरिकेतल्या विज्ञान-अभियांत्रिकीच्या सुमारे पावणेसहा हजार नव्या विद्यार्थ्यांची त्यात तुलना होती. विषय भौतिकशास्त्राचा, पण निष्कर्ष सगळ्यांना लागू पडावा असा. चिनी विद्यार्थी शाळेत पाच-पाच वर्षे कसून भौतिकशास्त्र शिकून आलेले. यांत्रिकीच्या संकल्पनांच्या चाचणीत त्यांची सरासरी 86 टक्क्यांच्या आसपास आणि अमेरिकनांची 49. मात्र वैज्ञानिक तर्काच्या चाचणीत दोघेही 75 टक्क्यांच्या जवळपास, जणू एकाच वर्गातले. म्हणजे आशय कितीही घोटवला तरी तर्क आपोआप वाढत नाही. महाराष्ट्रात ज्या भरवशावर आपण चाललो आहोत, की अभ्यासक्रम पुरा झाला म्हणजे पद्धत कुठेतरी मुरली असेलच, त्या भरवशाला या आकड्यांनी आधार ठेवलेला नाही.

प्रयोगशाळेबद्दलचा पुरावा तर आणखी बोचरा आहे. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन प्रयोगपुस्तिकांतले जवळजवळ चारशे प्रयोग लॉरा बक, स्टेसी ब्रेट्झ आणि मार्सी टाउन्स यांनी 2008 मध्ये तपासले. प्रश्न कोणी ठरवला, कृती कोणी ठरवली, निष्कर्ष आधीच दिलेला आहे का, अशा कसोट्या लावल्या. बहुतेक प्रयोगांत विद्यार्थ्याला ठरवण्यासारखे फारच थोडे उरले होते. नताशा होम्स आणि नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी 2018 मध्ये आणखी एक गोष्ट मांडली: व्याख्यानातला आशय पक्का व्हावा म्हणून ठेवलेल्या प्रयोगशाळांमुळे लेखी परीक्षेतल्या कामगिरीत मोजता येईल असा फायदा दिसत नाही. याच होम्स-वीमन जोडीने डग बॉन यांच्याबरोबर 2015 मध्ये केलेला प्रयोग मात्र आशा दाखवतो, आणि मूल्यमापन कशाचे करायचे तेही. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या एका गटाला एवढेच वारंवार करायला लावले: दोन मापनांची त्यांच्या विखुरलेपणाच्या हिशेबाने तुलना करा, मग काय बदलायचे ते ठरवा आणि बदलून पुन्हा मोजा. नेहमीच्या पद्धतीने शिकलेल्या गटापेक्षा या मुलांनी आपणहून प्रयोगाची कृती सुधारण्याचे प्रमाण बारापट होते. काही जणांना तर लंबकाचा काळ झोक्याच्या कोनाने थोडा बदलतो हे स्वतःच्या आकड्यांत दिसले, जे पाठ्यपुस्तक लहान कोनाच्या नावाखाली बाजूला ठेवते. आणि सूचना थांबवल्यावर, पुढच्या वर्षीच्या वेगळ्या प्रयोगशाळेतही, ही सवय काही अंशी टिकली. इथे मोजले गेले ते मत नव्हते, पाठांतरही नव्हते. विद्यार्थ्याने न सांगता काय केले, हे मोजले गेले.

तयार चाचण्याही आहेत, पण त्या उचलून आणण्याआधी त्यांच्या मर्यादा पाहिलेल्या बऱ्या. अँटन लॉसन यांची वैज्ञानिक तर्काची चाचणी 1978 पासूनची, 2000 मध्ये सुधारलेली. चोवीस प्रश्न, जोड्यांत: आधी उत्तर, मग त्याचे कारण. बाओ यांनी हीच वापरली. मोठ्या वर्गाला अर्ध्या तासात देता येते, तपासायला माणूस लागत नाही. पण ती शाळकरी वयापासूनच्या तर्कासाठी बेतलेली आहे, आणि कागदावर चले वेगळी काढता येणे म्हणजे ब्युरेटपाशी ती वेगळी काढता येणे नव्हे. नॉर्मन लेडरमन आणि सहकाऱ्यांनी केलेल्या, विज्ञानाचे स्वरूप आणि शोधप्रक्रिया याविषयीच्या प्रश्नावल्या खुल्या उत्तरांच्या आणि त्यामुळे सखोल आहेत, पण त्या तपासायला प्रशिक्षित माणसे आणि मुलाखती लागतात. शिवाय विज्ञानाबद्दल नीट बोलता येणे आणि विज्ञान करता येणे यांतही अंतर आहे. गॅलोवे आणि ब्रेट्झ यांनी 2015 मध्ये रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेसाठीच एक प्रश्नावली केली. सत्राच्या सुरुवातीला विद्यार्थ्यांना काय अपेक्षित होते आणि शेवटी प्रत्यक्ष काय अनुभवाला आले, याची ती तुलना करते. विचार करायला मिळेल ही अपेक्षा पुरी होत नाही, असे त्यात दिसले. ही माहिती मोलाची, तरी ती विद्यार्थ्याच्या स्वतःच्या सांगण्यावर उभी आहे. आपल्याकडे त्यात भाषेची भर पडते. बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या आणि बी.एस्सी.ला एकदम इंग्रजीत पडलेल्या मुलीला लॉसनची इंग्रजी चाचणी दिली तर तिच्या कमी गुणांचा अर्थ तर्क कच्चा असा लावायचा की वाक्यच समजले नाही असा? मराठवाड्यातल्या महाविद्यालयांसाठी हा नुसता तात्त्विक मुद्दा नाही. पद्धतीची कोणतीही चाचणी मराठीत सोडवण्याची मुभा असल्याशिवाय तिचे आकडे मी मानणार नाही.

आपल्याकडे या प्रश्नाला हात घातलाच गेला नाही असेही नाही. मध्य प्रदेशातल्या होशंगाबादमध्ये 1972 साली सोळा शाळांत सुरू झालेल्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी पुस्तक उघडे ठेवून लेखी परीक्षा घेतली आणि प्रत्यक्ष प्रयोगाचीही परीक्षा घेतली. पुस्तकात उत्तर नसल्यामुळे पुस्तक उघडे ठेवले तरी बिघडत नव्हते. तीस वर्षांनी, 2002 मध्ये राज्य सरकारने तो कार्यक्रम बंद केला, पण सरकारी शाळांत, साध्या साहित्यावर, हजारो मुलांची पद्धतीची परीक्षा घेता येते हे तोवर दिसून आले होते. मुंबईत होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत सहावी आणि नववीची मुले लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिक, मग कृतिसंशोधन प्रकल्प आणि मुलाखत अशा पायऱ्या चढतात. तिच्याभोवती आता शिकवण्यांचा बाजार बसला आहे हे खरे, तरी बारा वर्षांच्या मुलाला जे विचारावेसे वाटते ते वीस वर्षांच्या पदवीधराला विचारावेसे वाटू नये, हे चमत्कारिकच. मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र पदवी स्तरावरच्या निवडक विद्यार्थ्यांना संशोधनाची संधी देते. पण ते निवडकांसाठी असते. परांड्याच्या बॅचचे काय?

प्रश्न कसा असावा याचा मराठी नमुना हवा असेल तर जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी 2008 मध्ये घेतलेली फलज्योतिषाची चाचणी समोर आहे. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या, सरमिसळ करून प्रत्येक ज्योतिषाला चाळीस पाठवल्या आणि कोणती कोणत्या गटातली ते ओळखायला सांगितले. सत्तावीस जणांनी उत्तरे दिली. बरोबर आलेली 46 टक्के, म्हणजे नाणे उडवले असते तरी इतकीच आली असती. बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला हा आराखडा निष्कर्ष झाकून द्यावा आणि विचारावे: दोन्ही गट सारख्या संख्येचे का घेतले? पत्रिका कोणाची हे ज्योतिषाला कळू नये याची काळजी कशासाठी? एका ज्योतिषाची चाळीसपैकी चोवीस उत्तरे बरोबर आली, तर त्याला विद्या आहे म्हणायचे का? चाळीस वेळा नाणे उडवले तर सरासरी वीस छापे येतात आणि तीनचार इकडेतिकडे होणे नेहमीचेच. त्यातून सत्तावीस जणांमधला सर्वांत चांगला निवडला तर चोवीसने अजिबात चकित व्हायला नको. हे ज्याला सांगता येते त्याला 12.3 आणि 12.5 यांचे काय करायचे हेही बहुधा सांगता येईल. संविधानाच्या 51 क कलमात वैज्ञानिक दृष्टिकोन हे नागरिकाचे कर्तव्य म्हणून लिहिले आहे. ते रसायनशास्त्राच्या पदवीधरात कितपत उतरले, याचे आपल्याकडे सध्या एकही मोजमाप नाही.

यावर पहिला आक्षेप तत्त्वज्ञांचा: वैज्ञानिक पद्धत अशी एक पद्धत नसतेच, मग मोजायचे काय? हेन्री बाउअर हे स्वतः रसायनशास्त्रज्ञ, त्यांनी 1992 मध्ये या कल्पनेला मिथक म्हणून अख्खे पुस्तक लिहिले. निरीक्षण, गृहीतक, प्रयोग, निष्कर्ष अशा पाठ्यपुस्तकी पायऱ्या कोणी शास्त्रज्ञ ओळीने चढत नाही, हे त्यांचे म्हणणे मान्य करायलाच हवे, आणि म्हणूनच त्या पायऱ्यांची नावे पाठ आहेत का हे विचारणारा प्रश्न आधी काढून टाकावा. पण पायऱ्या नसल्या तरी काही सवयी सगळ्या प्रायोगिक विज्ञानांत सारख्याच असतात. आपण चुकत असू तर ते कशावरून कळेल हे आधी सांगणे, एका वेळी एकच गोष्ट बदलणे, ब्लँक घेणे, मापनाची अनिश्चितता लिहिणे, आणि नकोसे रीडिंग न खोडता त्याचे कारण शोधणे. मोजायच्या त्या या सवयी.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क यांनी 2006 मध्ये दाखवले की नवशिक्याला मार्गदर्शनाशिवाय शोध लावायला सोडले तर तो शिकत नाही, कारण त्याची कार्यरत स्मृती नव्या गोष्टींनी आधीच भरलेली असते. अ‍ॅलेक्स जॉनस्टन रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेबद्दल कितीतरी आधीपासून हेच सांगत होते: सूचना, भांडी, वेळ, रंग आणि गणित एकदम डोक्यावर आले की विद्यार्थी कृतीचा कागद पाहून हात चालवतो आणि विचार बंद ठेवतो. मला हे पटते. म्हणूनच इथे सगळे प्रात्यक्षिक मोकळे सोडा असे म्हणणे नाही. टायट्रेशन शिकवावे, घोटून घ्यावे, पिपेटचे टोक कसे टेकवायचे तेही सांगावे. हात बसला की डोक्याला जागा मिळते. पण शिकवण्याची रीत आणि मूल्यमापनाची रीत या दोन बाबी आहेत. मार्गदर्शन देऊन शिकवलेले मार्गदर्शन काढल्यावर किती उरते, हे पाहिल्याशिवाय ते शिकले असे कोणत्या आधारावर म्हणणार?

तिसरा आक्षेप प्राध्यापकांचा आहे आणि तो सगळ्यांत खरा आहे. वीस-वीसच्या बॅचेस, रिक्त जागा, संपलेली रसायने, दोन दिवसांत उरकायची परीक्षा आणि बाहेरून आलेला परीक्षक, ज्याला संध्याकाळची गाडी गाठायची असते. यात पद्धत कुठे तपासत बसायची? उत्तर असे की रसायनांची एकही बाटली न वाढवता ते होऊ शकते. ऊस घ्या. साखरेच्या आम्लातल्या विघटनाचा वेग 1850 मध्ये लुडविग विल्हेल्मी यांनी पोलारीमीटरवर मोजला आणि रासायनिक गतिशास्त्राची सुरुवात तिथून झाली. तोच प्रयोग आज बी.एस्सी.च्या जर्नलमध्ये कृतीसह आणि अपेक्षित उत्तरासह छापलेला असतो. त्याऐवजी परीक्षेत दोन रस द्यावेत, एक ताज्या उसाचा आणि एक तोडून चार दिवस ठेवलेल्या उसाचा, आणि कोणता कोणता ते ठरवा म्हणावे. फक्त ब्रिक्स मोजणारा फसण्याची शक्यता मोठी. ठेवलेला ऊस पाणी गमावतो, त्यामुळे त्याचा ब्रिक्स वाढूही शकतो आणि शिळा ऊस सरस वाटतो. साखरेचे विघटन झाल्याने पोल मात्र उतरतो. पोलारीमीटर नसेल तर फेहलिंगचे द्रावण पुरते, कारण सुक्रोज त्याला दाद देत नाही, पण सुक्रोज फुटून तयार झालेले ग्लुकोज आणि फ्रुक्टोज देतात. आणि दोन्ही ऊस एकाच जातीचे, एकाच फडातले होते का, बुडख्याचा रस घेतला की शेंड्याचा, हे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला मोजणीला हात लावण्याआधीच गुण द्यावेत, कारण बुडख्यात साखर शेंड्यापेक्षा जास्त असते आणि हा फरक शिळेपणाच्या फरकाला झाकून टाकू शकतो.

गुण देण्यासाठी एक कागद पुरतो. प्रयोगाआधी तो भरायचा: तुमचा अंदाज काय आणि कोणते रीडिंग आले तर तो सोडाल? प्रयोग चालू असताना आकडे पेनाने लिहायचे, खोडायचे नाहीत, बदल केला तर का केला ते बाजूला. शेवटी: निष्कर्षावर कितपत भरवसा आहे, आणखी एकच मापन करायला मिळाले तर कोणते कराल? अंतर्गत आणि बाहेरचा परीक्षक असे दोघे परीक्षेला असतातच. दोघांनी एकमेकांचे गुण न पाहता कागद तपासावेत आणि गुणांत तफावत किती येते ते महाविद्यालयाने नोंदवावे. तफावत मोठी असेल तर कसोट्या ढोबळ आहेत, त्या सुधाराव्यात. व्यक्तिनिष्ठतेची भीती त्यामुळे निदान मोजता येते. आजच्या व्हायव्हात ती भीती नाही असे कोणी म्हणणार नाही, फक्त तिची नोंद होत नाही. असा प्रश्न एकदा आला की त्याचेही गाइड निघेल ही शंका मात्र रास्त आहे. रस, ऊस आणि दिवस बदलत राहिले तर आकडे पाठ करण्यात अर्थ राहत नाही, पण कागदावरची वाक्ये पाठ होतीलच. त्यासाठी परीक्षकाने एकच जादा प्रश्न त्याच मुलाच्या आकड्यांवर विचारावा.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवीच्या चौथ्या वर्षी संशोधन आणले आहे, आणि त्याआधी छोटे प्रकल्प. ते स्वागतार्हच, पण प्रकल्पाची बांधीव प्रत पाहून पद्धत कळत नाही. ती कोणाच्या संगणकावर टंकली गेली तेही अनेकदा कळत नाही. नॅकच्या मूल्यांकनासाठी महाविद्यालये अध्ययननिष्पत्तींची जी टक्केवारी काढतात तिची गत तर आणखी विचित्र. ‘विद्यार्थी प्रयोगाची आखणी करू शकेल’ ही निष्पत्ती लिहायची आणि ती साध्य झाली की नाही हे त्याच जुन्या प्रात्यक्षिकाच्या गुणांवरून ठरवायचे. ज्या गुणांवर शंका आहे तेच गुण पुरावा म्हणून पुढे येतात, आणि तक्ता हिरवा होतो.

सुरुवात गुणांशिवाय करावी, असे मला वाटते. एका महाविद्यालयाने एकट्याने कठोर परीक्षा घेतली तर त्याच्या मुलांचे एम.एस्सी.च्या प्रवेशात नुकसान होईल, आणि ही चिंता क्षुल्लक नाही. पण तोच कागद, साध्या कठीणपणाच्या टायट्रेशनवर, पहिल्या वर्षाच्या पहिल्या महिन्यात आणि तिसऱ्या वर्षाच्या शेवटी, गुणपत्रिकेत न धरता, मराठीत किंवा इंग्रजीत लिहून घेता येतो. एका बॅचच्या वीस मुलांवरून काही सिद्ध होणार नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न दहापंधरा महाविद्यालयांनी सारखाच कागद वापरून आकडे एकत्र केले तर तीन वर्षांच्या प्रयोगशाळेने काय साधले याचा पहिला हिशेब हाती येईल. तो शून्याच्या जवळ निघू शकतो. तसे झाले तर अभ्यास मंडळाने नवे प्रयोग वाढवण्याआधी तक्त्यातला सी.बी.आर.चा रकाना काढून तिथे सरासरी आणि विखुरलेपणा असे दोन रकाने घालून पाहावेत. खर्च छपाईचा, आणि तोही पुढच्या वर्षीची जर्नल्स छापताना.